अण्णांचा पाऊण तास : अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना. ओळख पटू नये म्हणून पाळ्यांच्या वेळा, कारखान्याचा आकार आणि माणसांचे काही तपशील इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम तोच आहे.

कामगार शंभराच्या आतबाहेर. विणकर आणि जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारे) बहुतेक शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, कारखान्यात तेलुगू-मराठी मिसळून. फोल्डिंग आणि शिलाई खात्यात सगळ्या बायका, त्यातल्या बऱ्याच जणी विडी घरकुल आणि नीलम नगर या वस्त्यांतून येणाऱ्या. थोरले मालक दुपारी दोन तास येऊन बसतात, कारभार धाकटे मालक बघतात. माल हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडे जातो. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण व्यापारी बिल काढताना मानांकन विचारत नाही. शंभर नगांत डागी किती निघाले, एवढंच विचारतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विणकराला मजुरी मालावर मिळते: जेवढं विणलं तेवढे पैसे. जॉबर, फोल्डिंग, शिलाई आणि ऑफिस पगारावर. माग बंद पडला की विणकराची कमाई त्याच क्षणी थांबते. तो चालू करणाऱ्या जॉबरची थांबत नाही.

इथले हेड जॉबर म्हणजे अण्णा. वीस वर्षांहून जास्त नोकरी. लांबून आवाज ऐकून कुठल्या मागाचं काय सैल झालंय ते सांगणारा माणूस. सकाळची पाळी आठला सुरू होते, अण्णा पावणेनऊला येत. मस्टरवर मात्र रोज आठच. ते कोण लिहायचं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच विचारत नव्हतं. धाकट्या मालकांचं म्हणणं सरळ होतं : "अण्णा पाऊण तास उशिरा येतात, पण दिवसभराचं काम दोन तासांत उरकतात. त्यांना बोलून घालवू का?"

पाऊण तासात काय काय मावतं

पाळी बदलताना मागांच्या तक्रारी साठलेल्या असतात. रात्री काही बंद पडलेले, काही कसेबसे ओढलेले. आठ ते पावणेनऊ या वेळात हे माग जॉबरची वाट बघत उभे राहायचे आणि त्यांच्यापुढे विणकरही. अण्णा आले की आधी कुणाचा माग? याला नियम नव्हता. ज्याच्याशी बरं, त्याचा आधी. हळूहळू विणकर अण्णांसाठी चहा सांगून ठेवू लागले, कुणी मावा आणू लागला. कुणी मागितलं नव्हतं. अण्णांना लाचखोर म्हणणं अन्यायाचं होईल, पण ज्याने चहा सांगितला नाही त्याचा माग दहाला चालू व्हायचा, हेही खरं.

मग ज्यांचा अण्णांकडे वशिला नव्हता, त्यांनी आपली वाट शोधली. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्याला ड्रॉपर नावाची एक धातूची पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो, सर्किट जुळतं आणि माग आपोआप थांबतो. यंत्रणा चांगली आहे, पण ती बिघडली की विनाकारण थांबत राहते आणि दुरुस्तीला जॉबर लागतो. जॉबर नाही, मजुरी बुडतेय, तर विणकर सरळ वायर काढून ठेवायचा. माग थांबायचा नाही. तुटलेला धागा मात्र तसाच राहायचा आणि टॉवेलवर उभी रेघ पडत जायची. टेरीत तीन वाण्यांमागे, म्हणजे आडव्या धाग्यांमागे, लूपची (टॉवेलवरच्या धाग्याच्या फासांची) एक ओळ बसते. खालच्या ताण्याचा धागा गेला की ते लूप धरून ठेवणारं काही उरत नाही. हाताला लागत नाही, दोन धुण्यांनंतर दिसतं.

तेल घालण्याचंही तसंच. चालू यंत्राच्या हलत्या भागांजवळ तेलपाणी कुणी करायचं, याबद्दल तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कडक अट होती : खास शिकलेला, घट्ट कपडे घातलेला, रजिस्टरवर नाव असलेला माणूस. इथे हेल्पर पोरं सैल शर्टात, गार्ड बाजूला काढून, माग चालू ठेवून तेल घालत होती. का, तर माग थांबवला की विणकर ओरडतो. नशिबाने कुणाचा हात गेला नाही.

आणि या साखळीच्या टोकाला फोल्डिंग. तिथल्या सुपरवायझर, ज्यांना सगळे अक्का म्हणायचे, त्या खराब नग बाजूला काढून वहीत लिहायच्या : माग नंबर, पाळी, दोष. डिस्पॅचची घाई असली की ऑफिसमधून फोन यायचा, "अक्का, थोडं चालवून घ्या." महिन्यातून एकदा येणारा फोन दिवाळीच्या आधी रोज येऊ लागला. बाजूला काढलेले नग रात्री पुन्हा चांगल्या मालाच्या गठ्ठ्यात जाऊ लागले. अक्का वही लिहीत राहिल्या. वाचत कुणीच नव्हतं.

आता याच कारखान्यात सूट न मिळणारी माणसं बघा. तेव्हा सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. पाण्याच्या दिवशी घरातली बाई पाणी भरल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे, कारण पुढचे चार दिवस त्याच पाण्यावर काढायचे असायचे. त्या दिवशी फोल्डिंगच्या बायका वीस-पंचवीस मिनिटं उशिरा यायच्या आणि त्यांचा अर्धा दिवस कापला जायचा. अण्णांचा रोजचा पाऊण तास आणि या बायकांची चार दिवसांतली पंचवीस मिनिटं एकाच मस्टरमध्ये होती. मस्टर सगळ्यांना वाचता येत होतं.

गोष्ट उघडी पडली

एका व्यापाऱ्याने पूर्ण लॉट परत पाठवला. हॉटेलच्या लाँड्रीत दोन धुण्यांत लूप निघाले होते. त्याच आठवड्यात अक्कांनी राजीनामा दिला आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या दुसऱ्या युनिटात गेल्या. लॉटचं नुकसान मालकांना लगेच दिसलं. अक्कांच्या जाण्यावर धाकटे मालक म्हणाले, "दुसरी बघू." मला बोलावलं ते यानंतर, लॉट का परत आला ते शोधायला.

कारण अक्कांच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. दोष ठरावीक मागांवर होते, आणि ते माग होते अण्णांच्या मर्जीबाहेरच्या विणकरांचे. ही वही कुणी आधी उघडली असती तर परत आलेल्या लॉटचं भाडं तरी वाचलं असतं.

समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी २८ जानेवारी १९८६ ला कोसळलेल्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा अभ्यास करून अशा घसरणीचा उलगडा केला आहे. रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग जळाल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांत दिसल्या होत्या. प्रत्येक वेळी यान सुखरूप परतलं, म्हणून ती खूण 'चालण्यासारखी' ठरत गेली. टॉवेलमध्ये कुणाचा जीव जात नाही, पण चाल तीच : वायर काढली, काही झालं नाही, उद्या पुन्हा काढली. इथे फक्त एक भर घालावीशी वाटते. वायर काढणारा आळशी नव्हता. त्याला त्या क्षणी तोच शहाणपणाचा मार्ग होता.

पर्याय

मालकांच्या केबिनमध्ये चार गोष्टी मांडल्या गेल्या.

पहिली, अण्णांना काढून टाकायचं. ही थोरल्या मालकांची, रागातली. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलचा भोंगा झाला की गेट बंद, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. पण अण्णांइतका मागांचा जाणकार दुसरा तयार नव्हता. शिवाय सवयीने उशिरा येणं हे स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) गैरवर्तन असलं, तरी वर्षानुवर्षं मस्टरवर आठ लिहू देणाऱ्या मालकाने एका सकाळी त्यावरून माणूस काढला तर चौकशीत उत्तर काय देणार?

दुसरी, बायोमेट्रिक मशीन आणि पंधरा मिनिटांच्या उशिराला अर्धा दिवस कट. ही धाकट्या मालकांची आवडती. यात कायद्याचा अडथळा होता आणि तो त्यांना नवा होता. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे गैरहजेरीची कपात ही गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. पंचवीस मिनिटांना पंचवीस मिनिटांचेच पैसे. दंड वेगळा लावायचा तर त्याची यादी मंजूर करून लावलेली हवी, कामगाराला बाजू मांडू द्यायला हवी आणि एकूण दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे फोल्डिंगच्या बायकांचे अर्धे दिवस आजवर कापले गेले, तेच मुळात चुकीचे होते. केबिनमध्ये यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरी, अण्णांना बाजूला घेऊन समजावायचं. हे तीनदा झालं होतं. आठवडाभर फरक पडायचा.

चौथी माझी : माग कुठल्या क्रमाने दुरुस्त होणार ते अण्णांच्या मर्जीतून काढून भिंतीवर आणायचं, आणि दुसरा जॉबर तयार करायचा. यावर धाकटे मालक म्हणाले, "एवढ्याशा उशिरासाठी एवढं?" त्यांच्या नजरेतून प्रश्न अजून उशिराचाच होता.

पहिला प्रयत्न

ठरलं ते अर्धंमुर्धं. मशीन बसवायचं, कपात प्रमाणात करायची, सगळ्यांना अंगठा. फक्त अण्णांना "सध्या सूट", कारण सीझन तोंडावर होता. मी नको म्हटलं, पण निर्णय त्यांचा होता.

मशीन बसलं त्या आठवड्यात विणकर वेळेवर आले. दुसऱ्या आठवड्यात गेटजवळ एक वाक्य फिरू लागलं : "मशीन गरिबाचाच अंगठा ओळखतंय बे." तिसऱ्या आठवड्यात मशीन बंद पडलं, दुरुस्त झालं, पुन्हा बंद पडलं. केबलमध्ये कुणीतरी चहा ओतला होता. कुणी, हे शोधायचा प्रयत्न झाला आणि तोही वाया गेला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच होता. आधी अण्णांची सूट ही न बोललेली गोष्ट होती. मालकांचं लक्ष नसेल, असं म्हणायला निदान जागा होती. मशीन लावून, सगळ्यांसमोर, एका माणसाला वगळल्यावर ती जागाही गेली. ढिलाईला नियमाचा शिक्का बसला. वायर काढून ठेवणाऱ्या विणकरांची संख्या याच महिन्यात वाढली.

अण्णा काय म्हणाले

थोरल्या मालकांनी शेवटी अण्णांना आपल्याकडे बसवून घेतलं. मीही होतो. मालकांनी भोंग्याची गोष्ट सांगितली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, भोंगा दोन्हीकडनं वाजायला पाहिजे की. पगार शनिवारी सहाला म्हणताव आणि रात्री दहाला देताव. त्याला कोण मशीन लावणार?"

मग हळूहळू बाकीचं आलं. पाच वर्षांत अण्णांच्या पगारात नावाला वाढ झाली होती. दर वेळी मागितलं की धाकटे मालक म्हणायचे, "अण्णा, तुमच्यावर काही बंधन आहे का? कधी या, कधी जा." अण्णांनी ते शब्दशः घेतलं. सकाळी इथे यायच्या आधी ते शेजारच्या एका छोट्या युनिटात दोन माग बघून यायचे, त्याचे वेगळे पैसे मिळायचे. त्यातून मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटत होती. उचल याच कारखान्याची.

म्हणजे पाऊण तास ही सवय नव्हतीच. ती पगारवाढ होती, फक्त ती द्यायला मालकांच्या खिशातून काही गेलं नव्हतं. गेलं होतं ते आठ ते पावणेनऊ उभ्या राहिलेल्या मागांवरच्या विणकरांच्या खिशातून. हे एकदा लक्षात आल्यावर कारखान्यातली बाकीची ढिलाईही तशीच दिसू लागली. वायर काढू देणं म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई. डिस्पॅच क्लार्कला खराब नग घुसवू देणं म्हणजे त्याच्या रविवारच्या ओव्हरटाइमचा न दिलेला मोबदला. कारखाना आपल्या माणसांना थोडे पैसे आणि बरीच सूट असा पगार देत होता. ज्यांच्याकडे सौदा करायला काही नव्हतं, त्या फोल्डिंगच्या बायकांच्या वाट्याला नुसतेच पैसे येत होते, तेही कापून.

दुसरा प्रयत्न

सुरुवात मालकांपासून झाली. शनिवारी सहाला पगार. पहिल्या शनिवारी पावणेसात झाले, तेव्हा थोरले मालक स्वतः खाली येऊन उशीर झाला म्हणाले. कामगारांना याचं इतकं अप्रूप वाटलं की सोमवारपर्यंत चर्चा होती. विणकरांना मागावरून उठवून घरच्या कामाला पाठवणं बंद झालं, ही प्रथा आहे हे मला तोवर माहीतही नव्हतं.

अण्णांचा पगार वाढवला आणि उचलीचा हप्ता कमी केला. बदल्यात आठची वेळ आणि बाहेरचं काम बंद. अण्णांनी दोन दिवस मागून घेतले. घरी विचारतो म्हणाले, मग हो म्हणाले.

मागांच्या रांगेजवळ एक काळा फळा लावला. माग बंद पडला की विणकराने वेळ आणि नंबर लिहायचा, जॉबरने त्याच क्रमाने जायचं. दुरुस्तीला मोठा वेळ लागणार असेल तर तसं फळ्यावर लिहून पुढचा माग घ्यायचा. पहिल्या दिवशी अण्णांनी फळ्याकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी एका विणकराने क्रम मोडून आपला नंबर वर लिहिला, तेव्हा अण्णांनीच तो पुसला. त्या दिवसानंतर मला फळ्याची काळजी वाटली नाही.

जॉबरमुळे माग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभा राहिला तर विणकराला उभ्या वेळेची ठरलेली रक्कम, हा मुद्दा सगळ्यात जास्त ताणला गेला. धाकटे मालक म्हणत होते, लोक मुद्दाम माग बंद पाडतील. शेवटी तीन महिने करून बघू, यावर आले. वायर काढण्याला बंदी त्यानंतर घातली, आधी नाही. हा क्रम मी आग्रहाने धरला होता. जोवर ड्रॉपर चालू ठेवणाऱ्याचे पैसे बुडतात, तोवर बंदी म्हणजे लपवायला शिकवणं.

पाण्याच्या दिवसाचं काम सगळ्यात सोपं निघालं. बायकांनी कुठल्या भागात कधी पाणी येतं त्याची यादी स्वतःच करून दिली. त्या दिवशी अर्धा तास उशिरा यायचं, संध्याकाळी अर्धा तास भरून द्यायचा. पूर्वी चुकीचे कापलेले अर्धे दिवस मोजून दिवाळीआधी परत केले. रक्कम मालकांना वाटली होती त्याच्यापेक्षा खूप कमी होती.

काय झालं

पहिल्या महिन्यात खराब मालाचा आकडा वाढला. धाकटे मालक घाबरले. पण आधी जे गठ्ठ्यात घुसवलं जात होतं, ते आता वहीत येत होतं. खरी घट तिसऱ्या महिन्यात दिसू लागली. परत पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने छोटी ऑर्डर देऊन बघितली, ती टिकली. उभ्या मागांच्या भरपाईपोटी गेलेले पैसे परत आलेल्या त्या एका लॉटच्या नुकसानापुढे काहीच नव्हते. माग मुद्दाम बंद पाडल्याचं एकच प्रकरण निघालं आणि ते फळ्यावरूनच पकडलं गेलं, शेजारच्या विणकराने.

अण्णा वेळेवर येत राहिले. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दोन-तीनदा उशीर झाला, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत पूर्व भागातून एमआयडीसीला वेळेवर पोचणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. त्या दिवसांची पाळी पुढच्या वर्षीपासून नऊची केली. आयटीआय झालेला एक पोरगा अण्णांच्या हाताखाली दिला. अण्णा शिकवतात, पण आवाजावरून दोष ओळखायचं शेवटचं कसब अजून हातचं राखून आहेत. मला त्यात गैर वाटत नाही. तीच त्यांची पुंजी आहे.

दोन विणकर सोडून गेले. ते अण्णांच्या जवळचे होते. फळ्यावर त्यांचा नंबर इतरांसारखाच लागायला लागला, त्यांना ते रुचलं नाही.

अक्का परत आल्या नाहीत. धाकटे मालक पगार वाढवून बोलवायला गेले होते. त्यांनी चहा दिला, नाही म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

अक्कांशी त्या असताना बोलायला हवं होतं. त्यांची वही म्हणजे कारखान्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी होती, रोज होणारी, आणि तिच्यासाठी एक पैसाही वेगळा मोजलेला नव्हता. चांगलं काम करणारं माणूस तक्रार कमी करतं आणि गप्प निघून जातं. मालकांना अण्णा जाण्याची भीती होती, म्हणून सगळा हिशोब अण्णांभोवती फिरला. अक्का जाऊ शकतात, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता नव्या सुपरवायझरला माल अडवायचा लेखी अधिकार दिला आहे आणि तो अधिकार ऑफिसच्या फोनवर चालतो की नाही, ते पुढच्या दिवाळीत कळेल.

मशीन आधी बसवायला नको होतं. आधी बोलणं, मग पैसे, मग नियम, मग मशीन, असा क्रम असता तर केबलवर चहा ओतला गेला नसता असं नाही, पण ओतणाऱ्याला बाकीच्यांनी पाठीशी घातलं नसतं.

उभ्या मागाची भरपाई तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवणं मला अजूनही पटत नाही. विणकर ती मुदत मोजत होते. मुदत संपायच्या आधीच्या पंधरवड्यात दोन मागांवर पुन्हा वायर काढलेली सापडली. भरपाई पुढे चालू ठेवली, पण कायमची आहे असं लिहून दिलेलं नाही.

आणि दुसरी पाळी तशीच राहिली आहे. रात्री नऊनंतर ऑफिसमधलं कुणी नसतं, आयटीआयचा पोरगा एकटा जॉबर असतो आणि वयाने दुप्पट विणकर त्याला "ये बे इकडे" म्हणून क्रम मोडून बोलावतात. तोही जातो. फळ्यावर त्या वेळच्या नोंदी निम्म्याने कमी दिसतात. रात्री अनुभवी जॉबर ठेवायचा, की अण्णांनाच आठवड्यातून दोन रात्री बोलवायचं आणि त्याचे पैसे वेगळे द्यायचे, यावर थोरले आणि धाकटे मालक यांचं अजून जमलेलं नाही.